आज काय भाजी?

ऑफिसात दुपारी एकला डबे उघडले की माणसं खरं बोलू लागतात. सकाळी मीटिंगमध्ये साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा इसम दुपारी त्यांच्याच डब्यातली भेंडी चाखून ‘जरा बुळबुळीत झालीय, नाही?’ असं बिनदिक्कत म्हणतो. साहेबही ‘पाणी लागलं वाटतं’ म्हणून मान्य करतात. अख्ख्या इमारतीत एवढी लोकशाही दुसरीकडे कुठं नाही.

डबा पुढे करण्यातही स्वभाव दिसतो. दुधी, पडवळ, कारलं असलं की मालक कर्णाचा अवतार होतो. ‘घ्या हो, खूप आहे.’ कोलंबी असली की झाकण जेमतेम अर्धं सरकतं. मोड आलेल्या मुगाचं सॅलड आणणारे एक गृहस्थ रोज सगळ्या टेबलाला आग्रह करतात. त्यांचं सॅलड आजवर कधी कमी पडलेलं नाही.

भाजीपाठोपाठ मतं फिरतात, आणि ती सगळ्यांना पुरून उरतात. आमटीत गूळ कशाला, हे जळगावकडच्या आमच्या सहकाऱ्याला अजून उमगलेलं नाही. ‘हे जेवण म्हणायचं की नंतरचं गोड?’ असं तो अगदी निरागसपणे विचारतो. एकदा त्यानं कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. पुण्याच्या बाईंनी एक घास घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पाणी पिऊन म्हणाल्या, ‘भाकरी छान आहे.’

चतुर्थीला तर टेबलावर धर्मसभाच भरते. खिचडीत कोथिंबीर चालते का? जिरं? एका घरी चालतं, दुसऱ्या घरी उपास मोडतो. गंमत अशी की त्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शिवाय बटाटा, शेंगदाणे, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज इकडे आल्यानंतरची. त्यांना कुणी काही विचारत नाही. जिरं आणि कोथिंबीर पिढ्यान्‌पिढ्या इथं नांदलेली, आणि चौकशी नेमकी त्यांचीच. माझ्या मते खिचडीला जिरं हवंच. ज्यांचा उपास त्यानं मोडत असेल त्यांनी माझ्या डब्याकडे बघू नये.

सुक्या बोंबलांचा विषय मात्र नाजूक. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर ते जबड्यात जबडा अडकवून वाळत असतात, तेव्हा शनिवार-रविवारी फिरायला आलेली मंडळी त्यांचे फोटो काढतात. तेच बोंबील डब्यातून मायक्रोवेव्हमध्ये शिरले की ‘इथं मासे गरम करू नयेत’ असा कागद चिकटवायची भाषा सुरू होते. सांगणाऱ्याच्या वरणात हिंग असतो. अफगाणिस्तान-इराणकडच्या एका झाडाच्या मुळाचा वाळवलेला चीक तो. कच्च्या हिंगाची डबी बंद खोलीत उघडून बघावी आणि मग वासाबद्दल बोलावं.

२०२४ मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जीआय मानांकन मिळाल्याची बातमी आली, त्या दिवशीही ‘शी!’ झालीच. सर्वांत मोठा आवाज ज्या बाईंचा होता त्या भाकरीला जवळ्याची चटणी लावून खात होत्या. चटणीतले ते बारीक काळे डोळे सगळा वेळ त्यांच्याकडे बघत होते.

न आवडण्याला माझी हरकत नाही. मला स्वतःला पिकलेल्या फणसाचा वास दोन खोल्यांपलीकडूनही सोसत नाही, पण हे मी बरका आणि कापा, दोन्हींचे गरे खाऊन सांगतो. घास तोंडात जायच्या आधी नाक मुरडणाऱ्याचं मत आमच्या टेबलावर मोजत नाहीत.

या कायद्याची खरी परीक्षा पावसाच्या सुरुवातीला होते. अलिबागकडची मैत्रीण शेवळं आणते. शेवळं म्हणजे सुरणाच्या जातभाईचा फुलोरा. पहिला पाऊस पडला की पानांच्या आधी तोच जमिनीतून वर येतो. आदिवासी बायका पनवेल-पेण-कल्याणच्या बाजारात त्याच्या जुड्या घेऊन बसतात. दिसायला असा की नवखा माणूस त्याला भाजी म्हणायलाच तयार होत नाही. वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळसर भाग टाकायचा, बारीक चिरायचं, आणि एवढं करूनही काळजी घेतली नाही तर घसा खाजतो. सीकेपी घरांत याची कोलंबी नाहीतर खिमा घालून केलेली कणी म्हणजे वर्षाची चैन. नव्या मुलानं पहिल्यांदा विचारलं, ‘एवढी खाजते तर खायची कशाला?’ मैत्रीण म्हणाली, ‘तू खाऊ नकोस. आम्हाला पुरत नाही.’ त्यानं लगेच चमचा पुढे केला. आता जूनच्या पहिल्या आठवड्यापासून तोच तिला आठवण करून देत असतो.

तुम्हाला बाजारात जुडी दिसली तर जरूर घ्या. चार-सहा आठवड्यांपलीकडे ती मिळत नाही. विकणारीकडे शेजारीच हिरवी आंबट काकडंही असतात. त्यांचा रस घातला की खाज मरते. तेवढी मात्र विसरू नका, नाहीतर दुपारच्या मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटणार नाही.