वहिनीचं जॅकेट माहेरी जातं

वहिनीला जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग करायचंय. त्यासाठीचं झेंडूच्या रंगाचं जॅकेट पोळ्याआधीच घरी येऊन पडलं. परत करायची मुदत संपायच्या आत ते खरंच पाणी अडवतं का, हे पाहायला हवं होतं. म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरी, पांढुर्ण्याला जाताना तिनं ते नागपूर स्टेशनातच अंगात चढवलं.

अशा जॅकेटच्या डाव्या मनगटाजवळ स्कीपाससाठी चोरखिसा असतो. युरोपात म्हणे हात फाटकाजवळ नेला की पास आतल्या आत वाचला जातो. वहिनीनं त्यात रेल्वेचं तिकीट ठेवलं आणि टीसी येताच ऐटीत मनगट पुढे केलं.

"घड्याळ छान आहे ताई. तिकीट दाखवा."

लेबलवर दहा हजार मिलिमीटर असं छापलेलं. म्हणजे कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी थेंब आत येणार नाही. ही किमया आतल्या पापुद्र्याची. अमेरिकेत 1969 साली बॉब गोर यांनी तापवलेला टेफ्लॉनचा दांडा हिसका मारून ताणला आणि त्यातून हा प्रकार निघाला: भोकं पाण्याच्या थेंबाहून लहान, वाफेहून मोठी. पाऊस बाहेर, घाम बाहेर. फक्त ती वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा थंड आणि कोरडी लागते. वाटेतल्या नरखेडची हवा स्वतःच कुठेतरी आत शिरायला टपलेली. पांढुर्णा येईस्तोवर वहिनी मोदकासारखी उकडून निघाली.

पांढुर्णा 2023 पासून जिल्हा आहे, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते फक्त नदीपलीकडच्या सावरगावच्या विरोधातलं गाव असतं. जाम नदीत पळसाचं झाड रोवलेलं, दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे दगडफेक, चाललेली, दवाखान्यात जखमींची रीघ. आम्ही शहाण्यासारखे घरात बसलो. वहिनीच्या आईनं जॅकेट उलटंपालटं केलं. घसरून पडलं तर बर्फ खालून आत जाऊ नये म्हणून कमरेला आतून इलॅस्टिकचा घेर असतो, तो तिला सापडला.

"याले आतून परकर कायले लावला व?"

शेजारचे आजोबा ओट्यावरूनच म्हणाले, "पानी थांबवते, मान्य. गोटा थांबवते का?"

तान्हा पोळा असल्यामुळे लाकडी बैल घेऊन पोरं बोजारा मागायला आली. वहिनी सुट्टे पैसे कोणत्या खिशात ठेवले ते शोधत एकेक चेन उघडत राहिली. पोरं कंटाळून पुढच्या घरी गेली.

आणि पाऊस? टिपूस नाही.

दुसऱ्या दिवशी सौसरला मामांकडे गेलो. तिथून जवळच, बोरगावला 1991 पासून रेमंडची गिरणी आहे, लोकरीचं सुटिंग विणणारी. त्यामुळे त्या भागात कापड चिमटीत धरल्याशिवाय कुणी मत देत नाही. मामांनी शिवण उलटवून आतून चिकटवलेली पट्टी नखानं खरवडून पाहिली, वहिनीला संत्र्याच्या बागेत उभं केलं आणि मोटर चालू करून पाइप तिच्यावर सोडला. कापडानं एक थेंब आत घेतला नाही. पाणी गळ्यातून शिरलं आणि परकरात साठलं.

मामा मात्र खूश. "हिवाळ्यात आमची लाइन रातचीच येते. गार पान्यात उभं राहून ओलीत करा लागते. गुलमर्ग झालं का हे इकडंच पाठवजो."

"मामा, लेडीजचं आहे ते."

"रातच्याला कोन पाहते व?"