कायम एकोणीस

बुधवार पेठेत अठरा वर्षांखालची एकही मुलगी नाही. एवढं वाचून ज्यांच्या जिवाला बरं वाटलं, त्यांनी इथेच थांबावं आणि शब्दकोडं सोडवायला घ्यावं. बाकीच्यांसाठी खुलासा असा, की ही माहिती कुणी मोजदाद करून दिलेली नाही, ती खुद्द मुलींनीच दिली आहे. खबऱ्याकडून टीप येते, बनावट गिऱ्हाईक वर जातं, खूण होते, पथक जिना चढतं. महिला शिपाई पहिला प्रश्न विचारते, ‘‘वय?’’ उत्तर येतं, ‘‘उन्नीस.’’ शेजारच्या खोलीत विचारा, उन्नीस. पोटमाळ्यावर गाद्यांच्या मागे दुमडून बसवलेली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकणारी मुलगी खाली उतरवली जाते, तीही उन्नीस. कुणी वीस सांगत नाही, बावीस सांगत नाही. घरवालीनं पाठांतर पक्कं करून घेतलेलं असतं. आपल्या शाळांतून पाढे इतके पक्के झाले असते, तर देशात गणिताचा प्रश्न उरला नसता.

अठराविश्वे दारिद्र्यातून निघालेल्या मुलीला अठरा वर्षं पूर्ण करायला किती काळ लागतो? पुणे स्टेशनवर उतरून बुधवारातला जिना चढेपर्यंत.

पूर्वी एखादी चाणाक्ष शिपाईबाई लगेच विचारायची, ‘‘जन्मसाल?’’ तिथे पंचाईत व्हायची. वय पाठ असायचं, वजाबाकी नसायची. आता धंद्यानं ही त्रुटीही दूर केली आहे. मुलीबरोबर आधार कार्ड येतं, लॅमिनेट केलेलं, आणि त्यावर जन्मतारीख १ जानेवारी. यात हसण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या गुरुजींच्या कृपेनं १ जूनला जन्मल्या आहेत. फरक इतकाच, की गुरुजी मुलाला शाळेत बसवण्यासाठी तारीख लिहायचे.

आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे ते कार्ड देणाऱ्या प्राधिकरणानंच सांगून ठेवलं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ९४ मध्ये, वय ठरवायचा क्रम स्वच्छ लिहिला आहे : आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार त्या यादीत नाही. पण रात्री अकरा वाजता, खाली जीप सुरू, वर पंचनामा अर्धवट, आणि हातात सरकारी शिक्क्याचं कार्ड, अशा वेळी कलम ९४ कोण उघडतो? मुलगी म्हणते एकोणीस, कार्ड म्हणतं एकोणीस, घरवाली म्हणते एकोणीस. इतकं एकमत आपल्याकडे सर्वपक्षीय बैठकीतसुद्धा होत नाही.

समजा एखादा अधिकारी वेंधळा निघाला आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. मग मुलगी जाते ससूनला. मनगटाचा, कोपराचा एक्स-रे निघतो, दात तपासतात आणि हाडं सांगतात, सोळा ते अठरा. हाडांना आधार कार्डासारखं नेमकं बोलता येत नाही. त्यात दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात, हे न्यायालयांनी १९८२ पासून धरलेलं आहे. आता हा संशय कोणाच्या पदरात टाकायचा? २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयानं पॉक्सोच्या खटल्यांपुरतं उत्तर दिलं : वरची मर्यादा धरा आणि चुकीची दोन वर्षंही त्यात मिळवा. म्हणजे सोळा ते अठराची मुलगी खटल्याच्या कागदावर वीस वर्षांची. यात न्यायालयाला नावं ठेवायचं कारण नाही. माणसाला तुरुंगात धाडताना संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हे फौजदारी न्यायाचं मूळ तत्त्वच आहे. पण मुलीला खोलीतून उचलून निवाऱ्यात नेताना समोर आरोपी कुठे असतो? तिथे आपण तोच फायदा कुणाच्या घशात घालतो? इंग्लंडनं २०१५ च्या कायद्यात लिहून टाकलं, की तस्करीतून आलेली व्यक्ती अठराखालची वाटत असेल आणि खात्री नसेल, तर खात्री होईपर्यंत ती बालकच. तिथे सगळं आलबेल आहे असं नव्हे. पण संशयाचं माप कोणत्या पारड्यात टाकायचं, एवढं तरी त्यांनी ठरवलं.

आपल्याकडे यंत्रणा नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. बाल कल्याण समिती आहे : एक अध्यक्ष, चार सदस्य, महिन्यातून किमान वीस दिवस बैठक. विशेष बाल पोलीस पथक आहे. अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष आहे. पोलिसांचा सामाजिक सुरक्षा विभाग आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, परिवीक्षा अधिकारी आहेत, राज्याचा बाल हक्क संरक्षण आयोग आहे. आणि साऱ्या महाराष्ट्राचं महिला व बाल विकास आयुक्तालय, तेही मुंबईत नाही, याच पुण्यात आहे, राणीच्या बागेजवळ. बुधवार पेठेतून रिक्षानं निघालं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येईल, अर्थात रिक्षावाला तयार झाला तर. एका मुलीमागे इतकी खाती आहेत, की ती सापडली तर तिला उभं राहायला जागा पुरणार नाही. बहुधा म्हणूनच सापडत नसावी.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि वेळ ठरली सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. बुधवार पेठेचा आठवडा सात दिवसांचा आहे आणि गल्लीला रंग चढतो तो दिवेलागणीनंतर. म्हणजे मुलांचं रक्षण करणारं खातं आणि मुलांचा बाजार करणारा धंदा यांची गाठ पडायची, तर दोघांपैकी एकानं ओव्हरटाइम करायला हवा. धंद्यानं तयारी दाखवली आहे.

मोहिमांचंही वेळापत्रक असतं. २०१५ साली गृह मंत्रालयानं जानेवारीत ‘ऑपरेशन स्माईल’ काढलं आणि जुलैत ‘ऑपरेशन मुस्कान’. तेव्हापासून हे हसू वर्षातून ठरल्या महिन्यांत येतं. या मोहिमांत रस्त्यावरची, स्टेशनवरची पुष्कळ मुलं खरोखर घरी पोचली, ते नाकारायचं नाही. पण दलालाच्या घरीही कॅलेंडर असतं.

छाप्याच्या वेळी कायद्याला आणखी एक गोष्ट लागते. १९५६ च्या ‘पीटा’ कायद्यातल्या झडतीला त्या परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हवेत आणि त्यांत एक बाई हवी. बाई बाहेरची चालते, बुवा मात्र परिसरातलाच. आता बुधवार पेठेत प्रतिष्ठित रहिवाशांना तोटा नाही. तापकीर गल्लीत जगातल्या कुठल्याही यंत्राचा सुटा भाग मिळतो, अप्पा बळवंत चौकात न छापलेलं पुस्तकसुद्धा मिळेल, दगडूशेठसमोर रांग आहेच, फरासखाना पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. इतक्या वर्दळीच्या ठिकाणी रोज तोच जिना बघणाऱ्या माणसाला विचारा, ‘‘तिकडे नवीन मुलगी आली का हो?’’ उत्तर ठरलेलं : ‘‘आम्ही त्या बाजूला जात नाही.’’ या बाबतीत पेठी पुणेकराची दृष्टी अलौकिक आहे. समोरच्यानं गाडी फाटकाला दोन बोटं टेकवून लावली तर त्याला तिसऱ्या मजल्यावरून दिसतं.

मुलगी सापडलीच, अठराखालची ठरली आणि २४ तासांत समितीपुढे उभी राहिली, तर आपली गोष्ट संपते. ‘दोन अल्पवयीन मुलींची सुटका’ असा मथळा येतो, ओढणीनं तोंड झाकलेला फोटो येतो. मुलीची गोष्ट तिथून सुरू होते. बाहेर ‘काका’ हजर असतो. त्याच्या हातात कागद आणि सोबत वकील. पुष्कळदा वकील घरवालीचाच. हे माझं कुजकट बोलणं नव्हे. मुंबईत २००२ साली हेच झालं, अल्पवयीन मुलींना सोडवून नेण्यासाठी खटपट झाली, तेव्हा ‘प्रेरणा’ संस्था उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाला लिहून द्यावं लागलं, की अठराखालच्या मुलीचा विषय बाल कल्याण समितीकडेच जाईल, आणि दलालाच्या किंवा घरवालीच्या वकिलानं त्याच प्रकरणात मुलीची वकिली करू नये. जे उघड्या डोळ्यांना दिसावं, ते आपल्याकडे निकालपत्रात छापून घ्यावं लागतं.

त्याआधीचा १९९६ चा धडा तर याहून कडू. उच्च न्यायालयाच्या आदेशानं मुंबईत धडाका झाला, चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या, त्यांत कितीतरी नेपाळच्या. काढायचं ठरलं होतं, ठेवायचं कुठे ते ठरलं नव्हतं. त्या सुधारगृहांत कोंबल्या गेल्या, काही तिथेच दगावल्या, आणि नेपाळ सरकारनं हात वर केल्यावर शेवटी स्वयंसेवी संस्थांनी पुष्कळजणींना परत नेलं. सुटका झाली होती ती कोणाची, असा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला असेल.

मदत करणाऱ्यांना मुली कशा सापडतात, हे मात्र गुपित नाही. कामाठीपुऱ्यात ‘प्रेरणा’नं १९८८ साली वस्तीतल्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर काढलं. पुण्यात विलास चाफेकरांच्या ‘वंचित विकास’नं बुधवार पेठेतल्या बायकांच्या मुलांसाठी लोहगावला ‘नीहार’ उभं केलं. ही माणसं वय विचारत बसली नाहीत. लसीकरण, रेशन कार्ड, मुलाचा शाळेचा दाखला असली बिनमथळ्याची कामं घेऊन रोज त्याच जिन्यांवर गेली. रोज येणाऱ्या माणसाला कळतं, की तिसऱ्या खोलीचं दार आठ दिवस बाहेरून कडी लावलेलं आहे. त्याला सांगणाऱ्याही त्याच बायका असतात, ज्यांना आपण छाप्यात एकाच जीपमध्ये भरतो. त्यातल्या कित्येकजणी कधीकाळी स्वतः ‘उन्नीस’ होत्या. त्यांच्याशी बोलायला एक्स-रे लागत नाही. पण असल्या कामाचा मासिक अहवाल कसा भरायचा? ‘जिना चढलो, चहा प्यालो, उतरलो’ या रकान्याला निधी मिळत नाही.

उलट, आकडा दाखवायचा असेल तर सोपा मार्ग आहे : आईच्या मांडीवरचं मूल उचला आणि ‘सुटका’ लिहा. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला तेही सांगावं लागलं, की आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणानं मूल तिच्यापासून तोडू नका, आणि वस्तीत मूल दिसलं म्हणजे ते पळवून आणलेलंच, असं गृहीत धरू नका. म्हणजे जे मूल आईजवळ आहे ते आपल्याला लगेच दिसतं.

आणि लपवलेल्या मुलीनं स्वतः मदत मागायची, तर ‘चाइल्डलाइन’ आहे. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून निघालेली १०९८ ही सेवा पुण्यात ‘ज्ञानदेवी’ संस्था कितीतरी वर्षं चालवत होती. २०२३ मध्ये केंद्रानं ती सरकारी कक्षांकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. हेतू चांगला असेल. पण घरवाली मुलीला पहिल्या दिवशी जी भीती घालते ती हीच : पोलिसाकडे गेलीस तर तुलाच आत टाकतील. मुलगी बांगलादेशातून आलेली असेल तर ही भीती बऱ्याचदा खरीही ठरते. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली ती आरोपी होते, जरी गृह मंत्रालयानं २०१२ सालीच राज्यांना कळवलं आहे, की तस्करीची बळी ठरलेल्या परदेशी बाईवर असा गुन्हा चालवू नका. पत्र पोचलं असणार. टपालखात्यावर माझा विश्वास आहे.

आणि धंदा एवढा वेळ एका जागी बसून राहील कशाला? मुली आता उपनगरांतल्या स्पामध्ये, हायवेच्या लॉजवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये ठेवल्या जातात आणि बोलणी फोनवर होतात. तिथे माडी नाही, दारात उभ्या बायका नाहीत, म्हणून आपण छापे बुधवार पेठेतच घालतो. पत्ता सापडायला सोपा.

एकात्मिक बाल संरक्षण योजनेनं या सगळ्यावर एक साधा उपाय सुचवला होता : प्रत्येक प्रभागात बाल संरक्षण समिती, अध्यक्ष नगरसेवक, सोबत शिक्षक, अंगणवाडी सेविका, रहिवासी. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, त्यामुळे समिती का बसत नाही याला तेव्हा कारण तरी होतं. आता आरतीच्या ताटापाशी नगरसेवक भेटले, की प्रभागातली ही समिती शेवटची कधी बसली, तेवढं विचारावं. ‘‘कसली समिती?’’ असं उत्तर आलं तर दचकू नये.

राहता राहिले आपण, परिसरातले प्रतिष्ठित रहिवासी. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही त्या बाजूला जात नाही’ असा अपवाद त्या कलमात नाही.