टोनभाऊ

टोनभाऊंना ‘काय वाजवता?’ असं विचारू नका. ‘कशातून वाजवता?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नावर ते ‘असंच थोडंफार’ म्हणून गप्प बसतात. दुसरा प्रश्न कस्तुरचंद पार्कजवळ पोहे खाताना विचारलात, तर तर्री गार होऊन वर तेल साकळलं तरी गोष्ट संपत नाही.

हा माणूस नागपुरात मोहल्ल्यागणिक सापडतो. त्रिमूर्तीनगरात एक, मानेवाड्यात एक, सदरमध्ये तर दोन. आणि त्या दोघांचं आपसात पटत नाही, कारण एक ट्यूबवाला, दुसरा डिजिटलवाला. वय चाळिशीच्या आगेमागे, दिवसा बँकेत नाहीतर मिहानमध्ये नोकरी, आणि घरी पोरीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली गिटारचा आवाज बदलणाऱ्या काळ्या पेट्यांची चळत.

टोनभाऊंची कालगणना या पेट्यांवर चालते. लग्न कधी झालं? ‘बॉसची जीटी विकली, त्याच्या पुढच्या वर्षी.’ पोरगी झाली ती हेलिक्स नावाचं यंत्र आलं तेव्हा, म्हणजे 2015. आरंभ मात्र गरिबीतला. गिव्हसनची गिटार आणि ‘झूम 505’ नावाची एक चपटी पेटी. तिच्यातून पहिला आवाज निघाला तेव्हा वडिलांनी आतल्या खोलीतून ‘तो मिक्सर बंद करा’ म्हणून ओरडून सांगितलं होतं. मग सीताबर्डीवरून आणलेल्या सीडीतलं चोरीचं ‘गिटार रिग’ सॉफ्टवेअर. घरच्या संगणकातून सूर इतका रमतगमत यायचा, की तार छेडावी, माठातलं पाणी पिऊन यावं आणि मग ऐकायला बसावं. पुढे न्यू जर्सीचा चुलतभाऊ आला. जाताना त्याच्या बॅगेत ज्या जागेत लोणचं जायचं, त्याच जागेतून येताना लाइन सिक्सचा तांबडा, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा पॉड आला. 1998 साली निघालेलं हे यंत्र टोनभाऊंच्या हाती पडलं तेव्हा अमेरिकेत जुनं झालं होतं. इकडे मात्र ते बघायला धंतोलीपासून पोरं यायची.

खरं म्हणजे फाटक्या आवाजाच्या पेट्यांचा हा पंथ एका बिघाडातून निघाला. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग टेबलातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बास गिटार फाटून वाजली. 1961 साली गाणं तसंच बाजारात गेलं, लोकांना आवडलं, आणि पुढच्याच वर्षी मॅस्ट्रो कंपनीने तो बिघाड डबीत भरून विकायला काढला. आमच्या गणेश मंडळांचे भोंगे हाच आवाज कितीतरी वर्षं फुकट देऊन राहिले आहेत. पेटंट घ्यायचं कोणाला सुचलं नाही, एवढंच.

व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, कुवतीबाहेर ढकलला की सूर फाटतो आणि ती फाट कानाला गोड लागते. पण शंभर वॅटचा मार्शल, टू बीएचकेचा फ्लॅट, मे महिन्यातला 45 अंशांचा पारा आणि भिंतीपलीकडे दुपारची झोप घेणारे पेन्शनर काका, हे गणित जमत नाही. म्हणून ॲम्पच्या वागण्याचं गणित मांडून ते चिपमध्ये भरतात. त्याचं नाव मॉडेलर. गंमत अशी की ट्रेडमार्कच्या भीतीने बहुतेक कंपन्या मूळ ॲम्पचं नाव घेत नाहीत. जुन्या सुनांनी नवऱ्याचं नाव उखाण्यात दडवावं तसं हेलिक्समध्ये मार्शलचं ‘ब्रिट’ होतं, फेंडरचं ‘यूएस’ आणि व्हॉक्स एसी 30 चं ‘एसेक्स’. टोनभाऊंना सगळे उखाणे पाठ आहेत. खरा प्लेक्सी मार्शल त्यांनी जन्मात पाहिलेला नाही, पण मॉडेलमधला प्लेक्सी ‘वरच्या पट्टीत जरा खोटं बोलते’ हे ते छातीठोक सांगतात.

हे सगळं चालतं हेडफोन लावून. म्हणजे लाखाच्या वर किमतीचा क्वाड कॉर्टेक्स नावाचा मॉडेलर फक्त टोनभाऊंच्या दोन कानांसाठी. घरच्यांना ऐकू येते ती तारांची सुकी टिकटिक. तीही अधूनमधून, कारण बहुतेक संध्याकाळी यंत्राचं फर्मवेअर अपडेट चालू असतं. वहिनी चहा ठेवताना विचारतात, ‘‘अहो, आज काही वाजवलं, की नुसतं अपडेटच करून राहिले?’’ टोनभाऊ बोट वर करून थांबा म्हणतात. पडद्यावर 87 टक्के दिसत असतं.

वर्षातून एकदा मात्र हा माणूस मंचावर येतो. महालातला गणपती, मित्राचा ऑर्केस्ट्रा. टोनभाऊंनी पंधरा दिवस खपून स्टिरिओ टोन बांधलेला असतो: डिलेचा प्रतिध्वनी डावीकडून उजवीकडे उडी मारणार, परत डावीकडे येणार. साउंडवाला दोन वायरी बघतो आणि एक काढून त्यांच्या हातात देतो. ‘‘भाऊ, माह्याकडे एकच चॅनल उरलं आहे.’’ डिले डावीकडून उडी मारतो आणि परत येत नाही. त्यातच समोरून ‘झिंगाट’ची फर्माईश. त्यात गिटारला काम ते किती! तरी टोनभाऊ इमानाने वाजवतात. ‘‘गिटार कमी करा बे, गायक ऐकू येऊन नाही राहिला,’’ असा निरोप येतो, तर ती आधीच बंद असते.

पण टोनभाऊंना खरा धक्का दिला तो स्टीव्हन ॲटकिन्सन या गृहस्थांनी. त्यांनी ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि सरळ फुकट सोडून दिलं. जगभरची माणसं आपापल्या ॲम्पचा नमुना त्यात उतरवून तोही फुकटच वाटतात. टोनभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. फरक कळला नाही. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, ‘‘फुकट आहे बे, खोट असणारच.’’ आणि त्याच आठवड्यात एक नवी पेटी बुक केली, हे सॉफ्टवेअर चालवणारी.

तेव्हा वाचकहो, मॉडेलर सेकंडहँड घ्यायचा असेल तर तो टोनभाऊंकडूनच घ्या. पडद्यावरची फिल्म निघालेली नसते, पायाने दाबायची बटणं हातानेच दाबलेली असतात, खोका थर्माकोलसकट मिळतो, आणि किमतीवरून ते फार ताणत नाहीत, कारण त्यांना पुढची पेटी घ्यायची असते. अडॅप्टर तेवढा आठवणीने मागून घ्या. असल्या बऱ्याच पेट्यांना 9 व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. घरच्या वायफायचा अडॅप्टर बहुधा 12 व्होल्टचा आणि नेमका उलटा. तो खुपसलात तर पेटी जळेल, आणि टोनभाऊंचा फोन लागणार नाही. ते नव्या पेटीचं मॅन्युअल वाचत असतील.