फलटण–सांगली : नऊ मिनिटं

फलटण ते सांगली हवाई अंतर सुमारे १२५ किलोमीटर, विमानाला लागणारा वेळ नऊ-साडेनऊ मिनिटं, असा हिशेब भाच्यानं मोबाइलवर काढून दाखवला. फलटणला विमानतळ नाही. सांगलीलाही नाही, तिथं कवलापूरला त्यासाठी म्हणून जागा आहे आणि तिच्यावर अलीकडे विमान सोडून बाकी सगळी चर्चा उतरून गेली आहे. पण वेळ मात्र ठरलेली! न सुटणारी गाडी इतकी वक्तशीर असते हे मला माहीत नव्हतं.

समजा, सुटलंच विमान. नाक सरळ दक्षिणेला. खाली वडूज, मग विटा, डावीकडे तासगावच्या द्राक्षबागा. हवाई सुंदरी पट्टा कसा बांधायचा ते सांगून हात खाली घेते न घेते तोच सांगली. विमान अजून चढतंच आहे आणि उतरायची वेळ झाली.

रस्त्यानं हेच अंतर दीडशेच्या आसपास भरतं. मोगराळे घाट चढायचा, मग दहिवडी, मायणी, विटा. चार तास धरावेत, एसटी असेल तर धरूच नयेत. दहिवडीच्या स्टँडवर मास्तर "धा मिन्टं हाय" म्हणून चहाला उतरतात. बशीत ओततात, फुंकतात, शेजारच्या ड्रायव्हरला पगाराचं विचारतात. तेवढ्यात विमान सांगलीला टेकलं असतं. इथं मास्तरांची दुसरी बशी व्हायची आहे. एक आजोबा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि मग जागेपेक्षा रुमालासाठीच भांडतात.

तशी आम्हा फलटणकरांना घाई कधी नव्हतीच. लोणंदहून फलटणला विमान दोन-अडीच मिनिटांत येईल. माउलींची पालखी त्याच वाटेला दोन दिवस घेते. वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, तरडगावला मुक्काम, आणि उशीर झाला म्हणून कुणी चौकशी खिडकीवर डोकं आपटत नाही.

विमानाचं खरं दुःख विट्याच्या गलाईवाल्यांना विचारावं. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी ही माणसं देशभर पसरली. कोचीहून पुण्याला दोन तासांत येतात आणि पुण्याहून विट्याला पोचेपर्यंत त्याच्या दुप्पट वेळ खर्ची पडतो. आकाशातून आपलं गाव दिसलं तरी उडी मारायची सोय नाही.

सांगलीच्या मावशीला फोन लावला. म्हटलं, "मावशी, विमानानं आलो तर नऊ मिनिटांत पोचतो बघ."

मावशी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "ते ठीक आहे रे. पण कवलापुरातनं गावभागात यायला रिक्षावाला किती घेईल, ते आधी विचारून ठेव."