भीतीचा दाखला

ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा असेल, तर पहिली अट अशी की अर्जदार ब्रिटनमध्ये हजर पाहिजे. काबूलला, अस्मारात किंवा खार्टूममध्ये बसून अर्ज करता येत नाही. दूतावासाच्या खिडकीवर तो घेत नाहीत. बरं, ब्रिटनला जायचं तर व्हिसा लागतो. शिकायला जाणाऱ्याला व्हिसा आहे, लग्न करून जाणाऱ्याला आहे, धर्मोपदेशकाला आहे, खेळाडूला आहे. ‘जीव वाचवायला येतोय’ या कारणाचा रकानाच फॉर्मवर नाही. (युक्रेन आणि हाँगकाँगच्या लोकांसाठी वेगळी दारं उघडली, हे खरं. बाकीच्यांनी जन्म घेताना जरा पाहून घ्यायला हवं होतं.) मग माणूस रबरी होडीत बसतो आणि इंग्लिश खाडी ओलांडतो. आता २०२२ च्या कायद्याने परवानगीशिवाय असं येऊन थडकणं हाच गुन्हा ठरवला आहे, आणि त्याला चार वर्षांपर्यंत कैद आहे.

थोडक्यात, आश्रय मागणं गुन्हा नाही. आश्रय मागायला येणं गुन्हा आहे. ज्यांनी आपल्याला अर्ज तीन प्रतींत भरायला शिकवलं, त्यांच्याकडून याहून कमी अपेक्षा नव्हतीच.

तर आपला अर्जदार गुन्हा करून पोहोचला असं धरून चालू. आता त्याला भीती सिद्ध करायची आहे, आणि भीती म्हणजे कसलीही भीती नव्हे. १९५१ चा जिनिव्हाचा निर्वासित करार पाचच कारणं मानतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व. नुसतं युद्ध चालू आहे, गावावर बाँब पडतात, एवढ्याने या करारात बसता येत नाही. बाँबने नाव-गाव-धर्म विचारून पडायला हवं. भुकेचं तर नावच काढू नका. उपाशी माणूस हा ‘आर्थिक स्थलांतरित’ असतो आणि त्याच्याइतकी वाईट शिवी सध्या लंडनच्या वर्तमानपत्रांत दुसरी नाही.

मुलाखती दोन. पहिली आल्या आल्या, बहुधा अंगावरचे कपडे नीट वाळायच्या आत. त्यात बोटांचे ठसे, फोटो, कुठून आलात, कोणकोणते देश ओलांडलेत. दुसरी काही महिन्यांनी, कधी त्याहून खूप उशिरा, आणि ती खरी. खोलीत अधिकारी, दुभाषी, रेकॉर्डर आणि अर्जदार. ‘ते लोक तुमच्या दारात आले तेव्हा किती वाजले होते?’ ‘पहाट होती.’ ‘पण पहिल्या मुलाखतीत तुम्ही रात्री दोन म्हणाला होतात.’ दोन वाजले तेव्हा अंधार होता, ते गेले तेव्हा उजाडत होतं, हे दुभाष्याच्या भाषेतून पलीकडे पोहोचतं की नाही ते दुभाषी जाणे. कागदावर मात्र ‘विसंगती’ एवढा एक शब्द उतरतो. सगळं तंतोतंत जुळलं तर पाठ करून आल्यासारखं वाटतं, ही आणखी एक पंचाईत.

पासपोर्ट नाही? २००४ च्या कायद्यात कलमच आहे: समाधानकारक कारणाशिवाय पासपोर्ट दाखवला नाही, खोटी कागदपत्रं वापरली किंवा वाटेतल्या सुरक्षित देशात आश्रय मागण्याची संधी सोडली, तर अर्जदाराची विश्वासार्हता घटली असं धरायचं. आता ज्याला मारायला सरकार टपलंय, त्याने त्याच सरकारच्या पासपोर्ट कार्यालयात रांग लावून, पोलीस पडताळणी करून घेऊन मग पळायला हवं होतं. शिस्त म्हणून काही असतेच ना.

खरा कस लागतो तो श्रद्धेच्या परीक्षेत. इराणमधून आलेल्या एकाने सांगितलं की मी ख्रिस्ती झालो, कारण हा शांततेचा धर्म आहे. २०१९ साली होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने, त्याला नकाराचं पत्र पाठवलं आणि त्यात बायबलातली सूड, युद्ध आणि विनाशाची वचनं काढून दाखवली. शांतता कुठे आहे यात? म्हणजे तुमचं धर्मांतर खोटं. चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख जिथे खुद्द राजसिंहासनावर असतो, त्या देशाच्या सरकारने लेटरहेडवर हे लिहून दिलं. बोभाटा झाल्यावर पत्र मागे घेतलं आणि फेरविचार करू असं सांगितलं. त्याच्या आदल्याच वर्षी पाकिस्तानातून आलेल्या एकाने, मी धर्म सोडला, मी मानवतावादी आहे, परत गेलो तर जिवाला धोका आहे, असं सांगितलं होतं. त्याला नकार मिळाला, कारण प्लेटो आणि ॲरिस्टॉटल ही नावं त्याला घेता आली नाहीत. आपल्याकडे लहान गावात देव मानत नाही असं चारचौघांत म्हणणाऱ्याला प्लेटोची गरज कधी पडलेली नाही. मार खायला त्याचं नास्तिक असणं पुरतं. (पुढे त्या पाकिस्तानी अर्जदाराला आश्रय मिळाला. आधी नकार आणि मग गवगवा, हा या खात्याचा बऱ्यापैकी नेहमीचा क्रम आहे. अपिलात गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या बाजूने अलीकडच्या वर्षांत निकाल लागत आला आहे. निम्म्या वेळा चुकणारा कारकून आपल्याकडेही खपतो, पण त्याच्या हातात फाशीचा दोर नसतो.)

समलिंगी असणाऱ्यांना तर बरीच वर्षं एक घरगुती उपाय सुचवला जायचा: परत जा आणि जरा बेताने राहा. कुणाला कळलं नाही तर कोण मारणार? इराण आणि कॅमेरूनच्या दोन पुरुषांचं प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०१० मध्ये पाचही न्यायमूर्तींनी हा उपाय मोडीत काढला. त्यांचं म्हणणं असं की जन्मभर लपून राहायला लावणं म्हणजे ज्या मोकळेपणाने जगण्याच्या हक्कासाठी करार आहे, तोच हक्क नाकारणं आहे. निकालपत्रात लॉर्ड रॉजर यांनी, भिन्नलिंगी पुरुष जसे मोकळेपणाने रग्बी खेळतात आणि बिअर पितात, तशी समलिंगी पुरुषालाही कायली मिनोगच्या कार्यक्रमाला जायची आणि रंगीबेरंगी कॉकटेल प्यायची मोकळीक हवी, अशा अर्थाचं लिहून ठेवलंय. एवढा माणुसकीचा परिच्छेद आश्रयाच्या कायद्यात क्वचित सापडतो, आणि तोही कॉकटेलमुळे लक्षात राहतो.

निकाल लागेपर्यंत राहायचं कुठे आणि खायचं काय, तर सरकार निवारा देतं आणि स्वयंपाक स्वतः करणाऱ्याला २०२४ च्या दराने आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स देतं. म्हणजे रोजचे सात पौंड. लंडनमध्ये त्यात एक वेळचं साधं जेवण बाहेर होतं, तेही बसायचं नाही या बोलीवर. काम करून पोट भरायची मुभा नाही. वर्ष उलटूनही निर्णय झाला नाही आणि उशीर अर्जदारामुळे झालेला नसेल, तर परवानगी मागता येते, पण सरकारी यादीतल्या नोकऱ्यांपुरतीच. त्या यादीत वर्षानुवर्षं शास्त्रोक्त बॅले नर्तक होते, तेही नामांकित ब्रिटिश बॅले कंपन्यांच्या दर्जाचे. सुदानहून आलेल्या गवंड्याने वर्षभर हॉटेलच्या खोलीत पायाच्या बोटांवर उभं राहायचा सराव करावा, एवढाच याचा अर्थ. आणि मग तोच गवंडी फुकटा म्हणून वर्तमानपत्रात छापून येतो.

पाहुणचारही बेतशीर हवा. डोव्हरला एकट्या पोहोचलेल्या मुलांच्या केंद्रात भिंतीवर मिकी माउस आणि बल्लू अस्वल रंगवलेलं होतं. २०२३ च्या जुलैमध्ये तत्कालीन इमिग्रेशन मंत्री रॉबर्ट जेनरिक यांच्या आदेशाने ती चित्रं पुसून भिंत रंगवून काढली. फार आपुलकीचं वाटत होतं म्हणे. बल्लू हा मूळचा आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला, शिवनीच्या जंगलातला. इंग्रजानेच गोष्टीत घातला आणि इंग्रजानेच हद्दपार केला. पुढच्याच महिन्यात पोर्टलंडच्या बंदरात ‘बिबी स्टॉकहोम’ नावाचा तरंगता निवारा सुरू झाला. पाण्यात लेजिओनेला जंतू सापडले आणि चारच दिवसांत सगळ्यांना उतरवलं. समुद्रातून वाचून आलेल्यांना पुन्हा समुद्रावर ठेवण्याची ही कल्पना कुणा एकाची नसावी. इतकी सुचायला समिती लागते.

रवांडाची गोष्ट तर तुम्ही ऐकली असेलच. २०२२ मध्ये ठरलं की होडीने येणाऱ्यांना विमानाने रवांडाला पाठवायचं. गोव्याची मुळं असलेल्या, केनियातून आलेल्या वडिलांच्या कन्या सुएला ब्रेव्हरमन गृहमंत्री होत्या, तेव्हा ते विमान उडताना पाहणं हे माझं स्वप्न आहे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावा पाहून सांगितलं, रवांडा सुरक्षित नाही. त्यावर संसदेने एप्रिल २०२४ मध्ये कायदाच केला: रवांडा सुरक्षित आहे, आणि प्रत्येक अधिकाऱ्याने तो निर्णायकपणे सुरक्षित मानलाच पाहिजे. दरम्यान रवांडातून पळून आलेल्या काही जणांना हेच होम ऑफिस आश्रय देत होतं. सत्ता बदलली, योजना गुंडाळली, हिशेब लागला: सत्तर कोटी पौंड. गेले किती? चार, तेही पैसे घेऊन आपखुशीने. माणशी साडेसतरा कोटी पौंड पडले. विमानाची तिकिटं महागलीत हे कबूल, पण एवढी?

आणि आश्रय मिळालाच, तर संपलं असं समजू नका. २०२५ च्या नोव्हेंबरात मजूर पक्षाच्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी नवी योजना मांडली: निर्वासिताचा दर्जा तात्पुरता, दर अडीच वर्षांनी फेरतपासणी आणि कायमच्या वास्तव्यासाठी वीस वर्षं. आपल्याकडे त्याच नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी बँकेत जाऊन मी अजून जिवंत आहे असा हयातीचा दाखला देत असतात. तिकडे मी अजून घाबरलेला आहे असा दाखला द्यायचा. मूल तिथल्या शाळेत जायला लागलं, भाषा आली, शेजारी ओळखू लागले, रात्रीची झोप लागू लागली, की फाइलवर शेरा: प्रकृतीत सुधारणा, परत पाठवण्यास हरकत नाही.

हे सगळं आमच्या इमारतीतल्या काकांना ऐकवलं. काकांची मुलगी-जावई स्लाऊला असतात, त्यामुळे ब्रिटनच्या प्रश्नांवर अखेरचा शब्द त्यांचा. ‘हे बघ,’ काका म्हणाले, ‘कागद नाही, परवानगी नाही, समुद्रातून घुसायचं, त्यांनी काय ओवाळायचं यांना?’

‘काका, मार्सेलिसला सावरकर किनाऱ्यावर चढले तेव्हा त्यांच्याकडे कुठला व्हिसा होता?’

‘ते वेगळं!’

‘वेगळं कसं? फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकला, आता इंग्रजांना मला हात लावता येणार नाही, हाच त्यांचा दावा होता ना? आणि हात लावला तो लावलाच.’

काका गप्प झाले नाहीत. गप्प होणारे काका नव्हेत. राजकीय कैदी आणि पोटार्थी यांतला फरक त्यांनी मला अर्धा तास समजावला. तो फरक करायलाच तर दोन मुलाखती, दुभाषी आणि न्यायाधिकरण लागतात, हे मी म्हणेपर्यंत त्यांची दुधाची पिशवी गळायला लागली होती.

८ जुलै १९१० ची ती उडी आपल्या प्रत्येक शाळेत शिकवतात. पुढचा निकाल मात्र फारसा शिकवत नाहीत. फ्रेंच पोलिसाने पळणारा माणूस पकडून काही मिनिटांत बोटीवरच्या लोकांच्या हवाली केला. ना मुलाखत, ना दुभाषी. फ्रान्सने तक्रार केली आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला लवादाने सांगितलं की अटक करून सोपवण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. चूक झाली, माणूस राहू द्या. खुद्द आश्रयार्थ्याला त्या खटल्यात बोलायला उभंच केलं नव्हतं.

राहिला प्रश्न आपला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांचे वंशज अजून येऊन नमस्कार करून जातात. तेव्हा आपण आश्रय दिला तो कायद्याने नव्हे, आणि आजही जो देतो तो कायद्याने नव्हे. १९५१ च्या करारावर भारताची सही नाही. कुणाला ठेवायचं, कुणाला परत धाडायचं, हे सरकार त्या त्या वेळी ठरवतं, त्यामुळे नकार चुकीचा ठरायचा धोकाही नाही. बरीच वर्षं हे काम १९४६ च्या, म्हणजे इंग्रजांच्याच, परकीय नागरिक कायद्यावर भागत होतं. २०२५ मध्ये तो रद्द होऊन नवा कायदा आला. त्यात परदेशी माणूस कोण हे सांगितलेलं आहे. निर्वासित कोण हे सांगितलेलं नाही.