दर रविवारचे वार्तापत्र : साहित्य व कृती

वार्तापत्र सुरू करावे ते सांगण्यासारखे पुष्कळ साचलेले असेल अशा आठवड्यात. (असा आठवडा पुन्हा येत नाही.) पहिल्याच अंकात ‘दर रविवारी सकाळी सात वाजता’ असे छातीठोक जाहीर करावे. वार सांगावा, वेळ सांगू नये, असे अनुभवी लोक बजावतात. त्यांचे ऐकू नये. सात वाजून दहा मिनिटांनी सांगलीच्या आत्याचा ‘बरा आहेस ना रे?’ म्हणून फोन येतो, ही या धंद्यातली एकमेव मिळकत आहे.

नियमितपणासाठी पूर्वसुरींची नावे डोळ्यांसमोर टांगून ठेवावीत. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’मध्ये पत्रे लिहिली. म्हणतात त्यांना ‘शतपत्रे’, भरतात १०८. भाजीवालीने कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकाव्यात तशी आठ वर! आपण बावन्नाची घोषणा करून सतराव्याला ‘अल्पविराम’ घेतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’चे ८४ अंक काढले, जवळजवळ एकहाती, आणि त्यातली बरीच वर्षे सरकारी शाळेतली मास्तरकी करून. ‘ऑफिसात फार काम होतं’ हे वाक्य टाइप करण्यापूर्वी हा आकडा मोठ्याने म्हणावा.

आता आवाज. ‘बोलतो तसं लिहावं’ हा सल्ला फुकट मिळतो आणि त्याच किमतीचा असतो. मी भावाशी झालेले फोनवरचे बोलणे एकदा उतरवून काढले. ‘ते हे रे’, ‘म्हणजे कसं’ आणि ‘हां हां’ वगळता उरला तो गॅस सिलिंडरचा नंबर. तेव्हा आवाज शोधत बसू नये, ऐकणारा माणूस नेमावा. मी आत्याला नेमले. ती चष्मा कपाळावर सरकवून वाचते आणि ऱ्हस्वदीर्घ सोडत नाही. तिच्यासमोर ‘अस्तित्वाचा पेच’ म्हणवत नाही. ‘करमत नाही’ म्हणावे लागते.

धोका स्तुतीचा. एका वाचकाने चहावरची ओळ आवडल्याचे कळवले आणि पुढचे नऊ अंक मी चहा उकळत ठेवला. यालाच शैली म्हणतात असा माझा समज झाला होता. आत्याचा निरोप आला, ‘पित्त होईल.’ मग घाबरून ‘आजच्या धावपळीच्या युगात’ अशी सुरुवात केली, तर तिने विचारले, ‘हे कुणाकडून लिहून घेतलंस?’

स्वतःचा आवाज अगदीच बसला असेल तर टोपणनाव घ्यावे. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ होऊन लेखकमंडळींच्या टोप्या उडवत. मात्र त्यासाठी आधी दळवी असावे लागते.

शनिवारी रात्री पावणेबारा वाजता विषय सुचत नसेल तर वर ‘ती. आत्या, सा. न.’ लिहावे आणि पुढे जे येईल ते येऊ द्यावे. पाठवण्याआधी मायना तेवढा खोडावा. एकदा मी तो खोडायला विसरलो. एरवी दोन उत्तरे येतात, त्या रविवारी अकरा आली. त्यांतल्या एका निवृत्त बँक मॅनेजरांनी खाली सही केली होती : ‘तुझी आत्या’.