कागदी बागांतली माणसं

लॅण्डस्केप आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांच्या कागदांवर एक बाई राहते. अंगात गुडघ्यापर्यंतचा तपकिरी कोट, गळ्यात मफलर, हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला डोळ्यांवर केस आलेलं एक लहानसं कुत्रं. कोणी साताऱ्याला तळ्याकाठी बाग आखो, कोणी बार्शीला नगरपालिकेच्या मोकळ्या भूखंडावर. चित्र रंगवून होत आलं की ही उजवीकडून आत येते आणि कारंज्याच्या दिशेनं चालू लागते. मे महिन्यातल्या बार्शीत तिला घाम येत नाही. ती थोडी आरपारही दिसते, कारण संगणकावर तिला मुद्दाम निम्मं विरळ केलेलं असतं. तिच्या कोटातून मागची जास्वंद दिसत राहते. तिच्या मागोमाग लाल फुगा धरलेला मुलगा येतो, सायकल हातात धरून चालणारा पण तिच्यावर कधीच न बसणारा तरुण येतो, आणि क्षितिजाकडे तोंड करून उभं राहिलेलं एक पाठमोरं जोडपं. ही मंडळी केव्हातरी कुठल्याशा परदेशी फोटोतून कापली गेली आणि सिनिअरांनी ज्युनिअरांना पेनड्राइव्हवरून देत देत आमच्यापर्यंत पोचली. ती मूळ बाई आज जिथे कुठे असेल तिथे असो. आपण रोज संध्याकाळी बार्शीत कुत्रं फिरवतो, ही बातमी तिच्यापर्यंत पोचलेली नसणार.

चित्रात माणसं घालायची ती अंदाज यावा म्हणून. नुसतं झाड काढलं तर ते तुळस आहे की सप्तपर्णी, हे कागद सांगत नाही. शेजारी माणूस उभा केला की झाडाला उंची येते. माणूस ही आमच्या शास्त्रातली सर्वांत स्वस्त मोजपट्टी आहे. पण मोजपट्टी कोणाची, हा प्रश्न उरतोच. ल कॉर्ब्युझिए या थोर वास्तुकारानं 1940 च्या दशकात माणसाच्या शरीरावरून मापांची एक पद्धत बसवली. आधी त्यानं माणूस धरला 1.75 मीटरचा, म्हणजे साधारण फ्रेंच उंचीचा. आकडे नीट जुळेनात. मग एका सहकाऱ्यानं लक्षात आणून दिलं की इंग्रजी गुप्तहेरकथांतली देखणी माणसं, उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फुटी असतात. झालं. माणूस 1.83 मीटरचा ठरला आणि आकडे लागलीच शिस्तीत आले. कादंबरीतल्या एका काल्पनिक शिपायानं हात वर करावा आणि त्यावरून खऱ्या इमारतींची छतं ठरावीत, चंदीगडपर्यंत त्या हाताची सावली पडावी, हे मला वर्गात ऐकताना फार आवडलं होतं. माझ्या आजीची उंची चार फूट दहा इंच. गुप्तहेरकथेत तिला प्रवेश मिळाला असता तर फार तर संशयित म्हणून.

बागेतल्या बाकाची उंची आम्ही 45 सेंटीमीटर धरतो. पुस्तकात तसं आहे, आणि बहुतेकांना ते सोसतं. आजीला सोसत नसे. लहानपणी तिच्याबरोबर बागेत गेले की ती आधी चपला काढी, मग बाकाला पाठ लावून बसे, आणि तिचे पाय जमिनीला न टेकता हलत राहत. पहिल्या दिवशी मोठ्या वर्गात चुकून बसवलेल्या मुलीसारखे. त्या पायांकडे बघत ती शेंगा सोलायची आणि मला घरातली जुनी भांडणं सांगायची. पाय हवेत असले की माणूस मोकळं बोलतो की काय, कोण जाणे. घरी जमिनीवर बसून तिनं यातलं एक अक्षर कधी काढलं नाही.

कागदावरच्या बागेत नेहमी संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. आभाळात मोजके, सभ्य ढग. सावल्या सगळ्या एकाच दिशेला. चिखल नाही, डास नाहीत, कचराकुंडी असली तरी ती उपाशी. हिरवळ तर बारमाही. पुण्यातली खरी हिरवळ मार्चअखेरीस पाणीकपातीची बातमी वाचल्यासारखी पिवळी पडते, कागदावरचीला वर्तमानपत्र येत नाही. आणि झाडं जन्मतःच वयात आलेली. प्लॅनवर वडाचं वर्तुळ काढताना आम्ही त्याचा पूर्ण वाढलेला घेर धरतो, आणि कंपास फिरवून सावली मोकळी करतो. प्रत्यक्ष जागेवर येते ती बांबूला सुतळीनं बांधलेली चार पानांची काडी. त्या वर्तुळाच्या कडेला आम्ही जे बाक मांडलेले असतात, त्यांच्यावर सावली पडेल तेव्हा आज पाळण्यात असलेली माणसं गुडघे धरून बसायला आलेली असतील. या धंद्यात घाई करून काही मिळत नाही, हे मात्र खरं. घाई फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री असते.

झाडांच्या बाबतीत आमची ज्यूरी, म्हणजे चित्रं तपासणारे परीक्षक, हल्ली फार कडक झाली आहे. गुलमोहर दाखवला की भुवया वर जातात: तो मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष? तो अमेरिकेतून आलेला. सोनेरी दुरंताच्या कुंपणाचं तर नावच काढायचं नाही. देशी झाडं लावा, पाखरं येतील, मुळं इथल्या मातीला ओळखतील, हे म्हणणं खरंच आहे आणि मला पटतंही. म्हणून आम्ही बहावा लावतो, ताम्हण लावतो, करंज, उंबर, पळस लावतो, वनस्पतिशास्त्रातली नावं तिरक्या अक्षरांत लिहितो. आणि मग त्या शंभर टक्के देशी वनराईखाली ती कोटवाली बाई, फुगेवाला मुलगा आणि सायकलवीर फिरत राहतात. झाडांचा मूळ गाव विचारणारे परीक्षक माणसांचा विचारत नाहीत. आलेल्या पाहुण्याला असं विचारू नये, हा आपल्याकडचा संस्कार असावा.

चित्रात कोण राहणार आणि कोण जाणार, ही गोष्ट मात्र जुनी आहे. इंग्लंडमध्ये हम्फ्री रेप्टन नावाचा उद्यानकार होता. 1788 मध्ये, पस्तिशी ओलांडल्यावर, बरेच उद्योग करून थकल्यावर तो या कामाकडे वळला. गिऱ्हाईक जमीनदारांसाठी तो लाल चामड्याच्या बांधणीच्या वह्या करी, आणि त्यांत स्वतः रंगवलेल्या जलरंगी चित्रांवर कागदाची एक झडप चिकटवी. झडप मिटलेली असताना दिसे ती आजची जागा. झडप उचलली की उद्याची. आम्ही संगणकावर जे ‘आधी’ आणि ‘नंतर’ करतो, ते सगळं त्या एका झडपेची नातवंडं. 1816 साली छापलेल्या पुस्तकात त्यानं स्वतःच्या घरासमोरचा देखावाही दिला आहे. झडप मिटलेली: समोर खाटकाचं दुकान, टांगलेलं मांस, आणि कुंपणापाशी हात पसरून उभा असलेला एक अपंग भिकारी. झडप उचलावी: कुंपण पुढे सरकलेलं, वेलींवर गुलाब, मांस त्याआड गेलेलं. आणि भिकारी नाही. तो कुठे गेला, हे पुस्तकात नाही. कदाचित झडपेच्या पाठीवर बसला असेल. मी त्या रेप्टनवर रागावणार होते, पण त्याच पुस्तकात आणखी एक चित्र सापडलं. 1811 मध्ये बग्गीच्या अपघातात त्याच्या पाठीला मार बसला आणि पुढे तो बराचसा चाकाच्या खुर्चीत होता. त्या काळात त्यानं उंच ओट्यांवर स्ट्रॉबेरीचे वाफे काढले, खुर्चीत बसल्याबसल्या हात पोचेल असे. स्वतःचे पाय गेल्यावर त्याच्या चित्रात एक न चालणारा माणूस आला आणि कोणीही झडप उघडली तरी तो जागचा हलला नाही.

आमचीही एक जागा होती, कालव्याच्या कडेची लांबट पट्टी. साइट व्हिजिटला गेलो तेव्हा तिथे करंजाखाली एक भाजीवाली बसली होती, दोन शेळ्या होत्या, आणि कोणाच्यातरी गोधड्या तारेवर वाळत होत्या. टेप लावून मापं घेताना मी म्हटलं, “मावशी, इथे बाग होणार असेल तर तुम्हाला काय काय पाहिजे?” तिनं मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं. “झाड ठेव की पोरी,” ती म्हणाली. “आणि?” “आणि काय? झाड हाय म्हणून तर मी हाय.” आमच्या शिक्षकांनी दोन सत्रं ज्या विषयावर घालवली होती, तो तिनं जुडीवरचं पाणी वाळायच्या आत संपवला. घरी येऊन मी ‘आधी’चं चित्र केलं, त्यात ती होती. ‘नंतर’चं करू लागले. शेळ्या निघाल्या, गोधड्या निघाल्या. करंज ठेवला. त्याच्याखाली, नेमक्या मावशीच्या पोत्याच्या जागी, माझ्या सवयीच्या हातानं ती कोटवाली बाई आणून सोडली. कुत्र्यानं करंजाचा वास घेतल्यासारखं वाटलं.

माणसं खरोखर बागेत काय करतात, हे बघायला आम्हाला पाठवतात त्याला कारण आहे विल्यम व्हाइट. या गृहस्थानं 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखले आणि वर्षानुवर्षं लोकांना नुसतं पाहिलं. 1980 च्या त्याच्या पुस्तकातला मोठा निष्कर्ष असा की जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. एवढं कळायला कॅमेरा लागतो हे वाचून आजी हसली असती. पण वास्तुकारांना ते कळायला पुस्तकच लागलं. व्हाइटनं टिपलेली आणखी एक गोष्ट मला जास्त प्रिय आहे. मोकळी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो. उन्हातून सावलीत नव्हे, काही कारण नसताना, वीतभर. ती आता त्याची झाली.

आम्ही हेच पुण्याच्या सारसबागेत केलं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांच्या काळात तळं झालं, 1784 मध्ये सवाई माधवरावांनी तळ्यातल्या बेटावर गणपती बसवला, पुढे तळं आटवून बाग झाली. पण लोक देवाला अजून तळ्यातलाच म्हणतात, आणि थंडीत त्याला स्वेटर-टोपी घालतात. जपानमधल्या ओकायामात 1700 साली पुरी झालेली कोराकुएन नावाची बाग आहे. तिच्यावर बेतलेली एक बाग पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहेच. त्या मूळ बागेनं भिंतीबाहेरची टेकडी आणि किल्ला बिनदिक्कत आपल्या देखाव्यात धरले आहेत. सारसबाग पर्वतीला तशीच धरून बसली आहे, फक्त तिच्यावर अजून कोणी प्रबंध लिहिलेला दिसत नाही. तर तिथे आम्ही नकाशा घेऊन बसलो: चालणाऱ्यांना हिरवा ठिपका, खेळणाऱ्यांना पिवळा, ज्येष्ठांना जांभळा. काही न करणाऱ्यांसाठी आमच्याकडे ‘पॅसिव्ह रिक्रिएशन’ असं भारदस्त नाव होतं, आणि त्याचेच ठिपके संपत आले. एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून वाकले. “कसला सर्व्हे आहे? रस्ता रुंद करताय का?” नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा ठिपका मागून घेतला, तो नीट गोल नाही म्हणून पुन्हा काढायला लावला, आणि शेजारच्या मित्राकडे बोट दाखवून म्हणाले, “यांना वेगळा रंग द्या. हे येतात, पण चालत नाहीत.” मित्रानं काही उत्तर दिलं नाही. त्यांनी रुमालानं बाक झटकला, बसले, उठले, आणि वीतभर डावीकडे सरकून पुन्हा बसले. आपल्याकडचे बाक काँक्रीटमध्ये रोवलेले असतात; खुर्ची हलत नसेल तर माणूस स्वतः हलतो. व्हाइट असता तर त्यानं कॅमेरा खाली ठेवून हात जोडले असते.

त्यानंतर आम्ही काही जणांनी आपली माणसं करायला घेतली. कोणी कानटोपीतले मामा आणले, कोणी रिक्षात झोपलेले काका, कोणी गजरे विकणारी बाई, तिची परवानगी आणि दोन गजरे घेऊन. मी आजीचा फोटो काढला. तिच्यामागची भिंत पांढरी, तिचे केस पांढरे. संगणकाचं कापायचं हत्यार तिच्या केसांपाशी येऊन अडलं. भिंत कुठे संपते आणि आजी कुठे सुरू होते, ते त्याला ठरवता येईना. शेवटी एकेक केस मीच वेगळा केला. तिला विरळ करायला मात्र हात धजला नाही. ती पूर्ण शंभर टक्के राहिली, त्यामुळे चित्रातल्या बाकी माणसांच्या मानाने अंमळ ठळक दिसते. आता तिची फाइल मैत्रिणींकडे गेली आहे. जिची मजल कधी पंढरपूरच्या पलीकडे गेली नाही, ती नाशिकला गोदाकाठी बसते, कोल्हापुरात रंकाळ्यावर बसते, एकदा तर चुकून रत्नागिरीच्या समुद्रात बसवली गेली होती. यातली एकही बाग अजून झालेली नाही, पण तिचं जाणं-येणं सुरू आहे.

माझी मोठी शीट मी तिला घरी आणून दाखवली. स्वतःकडे तिनं एकदाच पाहिलं आणि “पदर नीट आलाय,” एवढंच म्हणाली. मग चष्मा लावून कागदावर झुकली. प्रवेशद्वारापासून बोट हळूहळू पुढे नेलं, कमळांच्या तळ्याला वळसा घातला, बकुळीच्या रांगेतून गेली, तिच्या स्वतःच्या फोटोपाशी थांबली.

“आणि बायकांची सोय कुठंय?”

मी बांबूच्या दाट रांगेमागचा, अगदी कोपऱ्यातला राखाडी चौकोन दाखवला. डोळ्यांना खुपू नये म्हणून तिथे ठेवला आहे, असंही सांगितलं. तिनं बाकापासून त्या चौकोनापर्यंत वीत टाकून पाहिली. एक वीत, मग दुसरी.

“एवढं चालून जाईपर्यंत, बाई, मी घरी नाही का यायची?”

तो चौकोन आता बकुळीच्या अलीकडे आला आहे. त्यासाठी तळं थोडं मागे सारावं लागलं आणि दोन कमळं कमी झाली. ज्यूरीत विचारलं तर कारण लिहून ठेवलं आहे, नीट, मोजमापांसकट: दोन विती.